सतरा फुटी कायाक, पाच फुटी हौदा : बेड एक्स्टेंडर दोन वर्षं वापरल्यावर

आमचा ट्रक म्हणजे टोयोटा टाकोमा पिकअप, डबल कॅब (दोन ओळी आसनांची), २०१९चा. मागचा हौदा पाच फुटी, नेमकं सांगायचं तर साडेसाठ इंच. कायाक सतरा फुटांची, फायबरग्लासची, वजन ५४ पौंड, म्हणजे साडेचोवीस किलो. ही बोट त्या ट्रकवरून नेताना पहिल्या वर्षी मी जे भोगलं आणि त्यानंतर बेड एक्स्टेंडर उभा लावल्यावर त्यातलं किती कमी झालं, ते सविस्तर लिहिते. सिएटलच्या आजूबाजूला राहणारे आणि पाण्याचं वेड लागलेले आपले बरेच लोक आहेत. ट्रक घरी आहेच, मग त्यावरूनच नेऊ, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं.

वेड मात्र इथलं नाही. मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजची. बोट क्लबवर मुळा-मुठेत कायाक चालवायला शिकले, रेगाटाच्या, म्हणजे नौकांच्या सोहळ्याच्या, आधी रात्री उशिरापर्यंत सराव केला. तिथे बोट न्यायचा प्रश्नच नव्हता. दोघींनी दोन टोकं धरायची, खांद्यावर घ्यायची, उतरायचं पाण्यात. लग्नानंतर इथे आले, पोरं मोठी झाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा वल्हं हातात घेतलं. आता पाणी घरापासून सत्तर मैलांवर आहे, आणि बोट उचलायला बहुतेक वेळा मी एकटीच असते. नवऱ्याचा उजवा खांदा कामातून गेलाय.

एक्स्टेंडर म्हणजे काय, ते आधी सांगते. पिकअपच्या मागच्या बंपरखाली ट्रेलर ओढण्यासाठी दोन इंची चौकोनी भोक असतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. त्यात हा लोखंडी सांगाडा सरकवायचा आणि पाच अष्टमांश इंचाची पिन आरपार घालून क्लिप लावायची. एक नळी मागे जाते, तिच्या टोकाला दुसरी उभी, आणि तिच्या डोक्यावर चार फुटांची आडवी दांडी. दांडी खाली ठेवली की हौद्याच्या पातळीला मागे एक आधार मिळतो. शिडी, लाकडाच्या फळ्या, पाइप यांच्यासाठी ते उत्तम. उभी नळी लांब करून दांडी वर नेली की कॅबच्या टपावरच्या रॅकच्या उंचीला मागे आधार तयार होतो. एकाच वस्तूचे हे दोन उपयोग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या साच्याचे एक्स्टेंडर चार-पाच जण बनवतात आणि रचनेत फारसा फरक नसतो. मला सव्वाशे डॉलरच्या आसपास पडला. कॅबवरचा रॅक वेगळा घ्यावा लागतो आणि तो याच्या तिप्पट महाग असतो, हे खरेदीच्या आधी लक्षात घ्या. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी रॅक नव्हताच. दांडी खाली, बोटीचं नाक कॅबच्या टपावर एका फोमच्या ठोकळ्यावर, शेपूट तिरकं खाली येऊन एक्स्टेंडरवर, अशी मी कायाक नेत असे. दिसायला बरं दिसायचं. चढवायलाही सोपं, कारण शेपूट कमरेच्या उंचीवर. पण शेपटाचा आठ फुटांहून जास्त भाग बंपरच्या मागे अधांतरी राही. आमच्या वॉशिंग्टन राज्यात हौद्याच्या मागे चार फूट किंवा त्याहून जास्त माल बाहेर आला तर दिवसा लाल फडकं बांधावं लागतं, किमान बारा इंच लांब आणि तेवढंच रुंद, आणि अंधारात लाल दिवे. फडकं मी बांधत होतेच. फडक्याने मागचा ड्रायव्हर सावध होतो. माझं शेपूट कुठे फिरतंय, ते मला फडकं सांगत नाही.

ऑक्टोबर होता. पेट्रोल भरलं आणि पंपावरून डावीकडे वळून बाहेर पडत होते. पुढची चाकं डावीकडे गेली की मागे लटकणारं शेपूट उजवीकडे झोकांडतं, जितकं लांब तितकं जास्त. आरशात मला ट्रकची बाजू दिसत होती, अगदी मोकळी. तेवढ्यात मागून कोरडा, हाड मोडल्यासारखा आवाज आला. पंपाच्या कडेला काँक्रीट भरलेला पिवळा खांब असतो ना, त्यावर रडर, म्हणजे बोटीचं सुकाणू, जाऊन आपटला होता. रडरचं पातं वाकलं, आणि शेपटाच्या टोकाला, जिथे रडरचा बिजागर बोटीत बसतो तिथे, केसाएवढी चीर गेली. बोट होती तशीच घरी आणली. चीर घासली, इपॉक्सी लावलं, वर जेलकोट (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) दिला, चार दिवस गॅरेजमध्ये हीटर लावून वाळवलं. आजही तिथून हात फिरवला की अंगठा आपोआप त्या जागेवर जातो. रंग जुळलाय, पण गुळगुळीतपणा वेगळा लागतो.

त्यानंतर कॅबवर रॅक बसवला आणि एक्स्टेंडर उभा केला. इथून पुढे जे लिहिते ते उभ्या मांडणीबद्दल आहे. लांब बोटीसाठी हा एक्स्टेंडर घ्यायचा तो यासाठीच.

सतरा फुटी बोटीला आधार किती अंतरावर आहेत, याला फार महत्त्व आहे. डबल कॅबच्या टपावर दोन दांड्या बसतात, पण त्यांच्यात अंतर मिळतं जेमतेम अडीच फूट. तेवढ्यावर सतरा फूट बोट बांधली तर ती तराजूच्या काट्यासारखी डुलते. बाजूचा वारा नाकावर बसला की सगळा जोर त्या अडीच फुटांच्या रॅकवर आणि त्याच्या चिमट्यांवर येतो. एक्स्टेंडर उभा केला की आधार दोन होतात. एक टपावरच्या पुढच्या दांडीचा, दुसरा बंपरच्या एक फूट मागे. मधलं अंतर साधारण दहा फूट. बोटीचं नाक बॉनेटच्या वर येतं, मागे अडीच-पावणेतीन फुटांहून जास्त काही राहत नाही. फडक्याची सक्ती उरत नाही, तरी मी बांधते. आय-५ महामार्गावर माउंट व्हर्नन गावाच्या पुढे स्कॅजिट खोऱ्यातली सपाट शेतं लागतात आणि वारा आडवा येतो. पूर्वी तिथे दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मी ताशी पन्नास मैलांच्या खाली येत असे. आता साठने जाते आणि समोरच्या काचेतून नाकाकडे नजर टाकली तर ते जागचं हलत नाही.

चढवण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, निदान माझ्यासाठी. माझी उंची पाच फूट दोन इंच. टपावरच्या दांड्या माझ्या डोक्याच्याही वर. बाजूने उचलून बोट टपावर टाकणं मला एकटीला शक्य नाही, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनीही पाठीचा विचार करावा. एक्स्टेंडरमुळे बोट मागून चढवता येते. ट्रकच्या मागे बोट सरळ रेषेत ठेवायची, नाक ट्रककडे. शेपटाखाली मी आईने शिवलेली जुनी गोधडी चौपदरी करून घालते. योगा मॅट वापरून पाहिली, ती खडीवर फाटली. गोधडी दोन वर्षं टिकली आहे. मग दोन पायऱ्यांच्या स्टुलावर उभं राहून फक्त नाक उचलायचं, म्हणजे अर्धंच वजन, बारा किलो, आणि ते एक्स्टेंडरच्या दांडीवर टेकवायचं. स्टूल बाजूला. आता शेपटाकडे जायचं, गुडघे वाकवून शेपूट उचलायचं आणि पुढे चालायला लागायचं. बोट दांडीवरून घरंगळत पुढे जाते आणि नाक आपसूक टपावरच्या दांडीवर चढतं.

घरंगळत जाते ती दांडीवर मी जाड फोमची नळी घातली आहे म्हणून. एक्स्टेंडरबरोबर ती येत नाही. उघड्या लोखंडावरून फायबरग्लास ओढलं तर जेलकोटवर पांढरे ओरखडे येतात. दांडीच्या दोन्ही टोकांना चार इंची खुंट्या आहेत, त्या मात्र बरोबर येतात आणि फार कामाच्या आहेत. बोट तिरकी झाली तरी कडेवरून घसरत नाही. पहिल्यांदा एकटीने चढवली तेव्हा नवरा दारात उभा होता. "अगं थांब, मी एक हात लावतो," म्हणाला. "अरे, तू फक्त नाक कुठे पोचलं ते सांग," म्हटलं. बोट जागेवर बसली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं झाली होती.

बांधण्याबद्दल. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे वापरू नका. रॅचेटमध्ये ताकद इतकी असते की आपल्याला कळायच्या आत बोटीचं अंग चेपतं. प्लास्टिकची असेल तर पोचा पडतो, फायबरग्लास असेल तर चीर जाते. कॅम बकलचे पट्टे घ्या, हाताने ओढून आवळले जातात तेवढेच पुरेत. पट्ट्याला दांडीपासून बोटीपर्यंत एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भोंग्यासारखा घुमतो, पीळ दिला की गप्प बसतो. नाकाची दोरी बॉनेटखाली बोल्टला लावलेल्या कापडी फाशांना बांधते. त्यासाठी जी गाठ मारते तिला इथे ट्रकर्स हिच म्हणतात. कोल्हापूरला माझा मामा उसाच्या ट्रॉलीवर दोर आवळताना हीच गाठ मारायचा. दोराला मध्ये फास करून त्यातून टोक ओढायचं आणि अंग टाकून खेचायचं. इथे अंग टाकायचं नाही, एवढाच फरक.

आता एक गोष्ट, जी मला कुठल्याही दुकानदाराने सांगितली नाही आणि जी पिकअपवाल्यांनी जाणलीच पाहिजे. मोटारीचं टप एकसंध असतं. पिकअपची कॅब वेगळी आणि हौदा वेगळा. दोन्ही एका चौकटीवर बसवलेले असतात आणि ती चौकट खडबडीत रस्त्यावर पिळवटते. खात्री करायची असेल तर ट्रकचं एक मागचं चाक रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढवा आणि कॅब व हौदा यांच्यामधली फट पाहा. एका बाजूला वर रुंद होते, दुसऱ्या बाजूला निमुळती. मी उभी राहून पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्या दोन भागांना जोडणारी तिसरी वस्तू म्हणजे माझी बोट. एक्स्टेंडर चौकटीला धरून असतो, कॅब रबरी बैठकांवर हलते. दोन्हीकडे बोट सारखीच जखडली तर प्रत्येक खड्ड्यात पिळवटण्याचा ताण बोटीच्या अंगात जातो. म्हणून टपावरचा पट्टा घट्ट आणि एक्स्टेंडरवरचा पट्टा त्याहून किंचित सैल ठेवते, इतकाच की बोट वर उचलली जाऊ नये पण बोटभर सरकली तर सरकावी. खाली फोम असल्यामुळे ते जमतं. बोमन बे या खाडीवर मी बोट पाण्यात घालते, तिथे उतरताना शेवटचा तुकडा खाचखळग्यांचा आहे. तिथे काच खाली करून कान देते. पूर्वी करकर यायची, आता येत नाही.

तक्रारीही आहेत. पहिली खडखडाट. रिसीव्हरचं भोक आणि एक्स्टेंडरची नळी यांच्यात थोडी फट असते, आणि चार फूट वर असलेल्या दांडीपाशी त्या फटीचं चांगलं इंचभर हेलकावणं होतं. पंचवीस-तीस डॉलरला यू बोल्टसारखा एक चिमटा मिळतो, तो रिसीव्हरपाशी आवळला की हेलकावा जवळजवळ थांबतो. माझ्या मते हा चिमटा खोक्यातच यायला हवा, वर पैसे मागण्यासारखी ती वस्तू नाही. दुसरी गंज. लोखंडावरचा काळा पावडर कोट (भाजून बसवलेला रंग) दिसायला छान, पण पिनच्या भोकांच्या कडा पहिल्याच हिवाळ्यात लाल झाल्या. इथला पाऊस आणि समुद्राचं पाणी, दोन्हीचा मार बसतो. मी दर उन्हाळ्यात भोकं घासून रंग लावते. तिसरी, उभ्या मांडणीत आणि जवळच्या भोकात पिन असेल तर टेलगेट, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, उघडत नाही. बोट काढल्यावर ओले कपडे, डबा, थर्मास सगळं आत आणि झाकण बंद. एक्स्टेंडर पूर्ण काढावा लागतो. त्याचं वजन पंधरा-सोळा किलो आहे, आणि थंडीत बोटं सुन्न झालेली असताना पिन ओढणं जड जातं. मागे घेताना सेन्सर सतत ओरडतो ते वेगळंच. रिकामा एक्स्टेंडर लावून गाडी पार्क केली तर अंधारात नडगीवर हमखास बसतो, म्हणून त्याच्या टोकाला लाल परावर्तक पट्टी लावली आहे. कंपनीची पट्टी सहा महिन्यांत सुटली होती.

ट्रेलर का नाही घेत, असं बरेच जण विचारतात. ट्रेलरवर बोट कमरेच्या उंचीला राहते, चढवायला सगळ्यात सोपी, हे मान्य. पण घरात तो ठेवायला जागा हवी, त्याची नोंदणी हवी, आणि फेरीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, भाड्यासाठी मोजली जाणारी लांबी वाढते. अनाकोर्टिस गावाहून सॅन ह्वान बेटांकडे जाणाऱ्या फेरीचं साधं वाहनभाडं वाहनाची लांबी २२ फुटांच्या आत असेल तरच लागतं. बोट आणि एक्स्टेंडर धरून माझी लांबी वीस फुटांच्या थोडी वर भरते, मी टेपने मोजली आहे. त्या मापात बसण्यासाठी बोट टपावर थोडी पुढे सरकवते. ट्रेलर लावला की ते माप गेलंच.

पुण्याहून भाच्याने विचारलं, "मावशी, इथे बोलेरो पिकअपला असं काही करता येईल का? तारकर्लीला न्यायचीय." त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. आपल्याकडे पूर्वी मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायला परवानगी होती, ती २०१४ साली काढून टाकली. सळया बाहेर आलेल्या ट्रकांवर मागून आदळून माणसं मरत होती, म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या बाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा मर्यादेपेक्षा उंच माल गेला तर कलम १९४ (१अ) खाली वीस हजार रुपये दंड आहे. बोलेरोच्या नऊ-दहा फुटी हौद्यात सतरा फुटी बोट आत बसणं शक्यच नाही. कुणाचं तरी सामान घेऊन निघालेला एकोणीस फुटी आयशर शोध, बोट गाद्यांच्या मध्ये आत झोपवून ने, असं त्याला सांगितलं. त्याने तसंच केलं. गाद्याही त्याच ट्रकमध्ये होत्या.

इथेही सगळ्यांनी हा एक्स्टेंडर घ्यावा असं नाही. दहा-बारा फुटी प्लास्टिकची बोट असेल तर टेलगेट उघडा, बोट हौद्यात तिरकी टाका, दोन पट्टे बांधा, फडकं लावा, झालं. पैसे वाचवा. चौदा फुटांच्या पुढची बोट, लहान हौदा आणि एकट्याने चढवणं, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच यात अर्थ आहे. माझ्या जुळतात. पाचपैकी चार तारे देते. एक तारा खडखडाट आणि गंज यांनी खाल्ला.

घेणार असाल तर दुकानात जायच्या आधी ट्रक सपाट जागी उभा करून, रॅक बसवलेला असताना, जमिनीपासून टपावरच्या दांडीपर्यंतची उंची मोजा. एक्स्टेंडरची उभी नळी तेवढी वर जाते की नाही ते तिच्या भोकांवरून कळतं. आमच्या टाकोमाला वरून दुसरं भोक लागतं. पहिलं घेतलं तर बोटीचं नाक खाली वाकतं आणि बॉनेटवरची दोरी सैल पडते. चोरीची भीती असेल तर कुलपाची पिन घ्या, अनाकोर्टिसच्या पार्किंगमध्ये बोट पाण्यात आणि ट्रक दोन दिवस एकटा असतो. साध्या पिनच्या क्लिपा मी ग्लोव्ह बॉक्समध्ये तीन जास्तीच्या ठेवते. एकदा बोमन बेला संध्याकाळी परत आले तेव्हा क्लिप वाळूत पडली आणि भरतीच्या पाण्यात गेली. केसांची पिन वाकवून घातली आणि पाऊण तास, दर पाच मैलांवर थांबून बघत, माउंट व्हर्ननच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत आले. ते बंद व्हायला दहा मिनिटं होती.